डोंबिवलीस, सा. न. वि. वि.

श्रीमती डोंबिवली, पूर्व आणि पश्चिम दोन्ही, यांच्या सेवेशी

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्र लिहिण्यास कारण की, माझा भाचा आणि त्याची बायको सध्या आपल्या हद्दीत घर शोधत आहेत. रविवारी सकाळी येतात, माझ्याकडे पोहे खातात, दोन-तीन साइट बघतात आणि जेवायला परतले की विचारतात, "मावशी, तू इतकी वर्षं राहतेस. एरिया कसा आहे?" स्थळ बघायला आलेली माणसं शेजारच्या घरी हळूच चौकशी करतात ना, त्यातला हा प्रकार. शेजारणीची पंचाईत होते. खोटं बोलवत नाही आणि जुळत आलेलं मोडायचंही नसतं. म्हणून त्यांना काही सांगण्याआधी आपल्याशीच बोलून घ्यावं म्हटलं.

आपल्याशी म्हणजे तुझ्याशी. वर ‘सेवेशी’ लिहिलं, तेवढा मान पुरे झाला. जिच्या खड्ड्यांत माझ्या चपलांचे अंगठे गेले आणि जिच्या प्लॅटफॉर्मवर माझा मुलगा इंडिकेटर बघून अक्षरं जुळवायला शिकला, तिला अहो-जाहो करणं मला जमणार नाही.

प्रथम इकडची खबर. आमची बिल्डिंग पडणार. तीन मजली, बिनलिफ्टची, जिन्यात कायम ओल असलेली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली आहे. कॉर्पस, शिफ्टिंग, दरमहा भाडं, ७९-अ, वाढीव कार्पेट याखेरीज जिन्यात दुसरा विषय नाही. तळमजल्यावरच्या आजींच्या घरात आजही सतरंजीच आहे, पण त्यासुद्धा मीटिंगमध्ये कार्पेटवरून भांडतात. एका काकांनी बिल्डरच्या माणसाला विचारलं, "तुळशीवृंदावन कुठे ठेवायचं?" तो म्हणाला, "सर, पोडियमवर लँडस्केप आहे." काका खाली बसले. फडके रोडपासून रामनगरपर्यंत जिकडे पाहावं तिकडे हिरव्या जाळ्या आणि पत्र्याची कुंपणं. ‘छाया’, ‘कृपा’, ‘स्मृती’ जाऊन ‘हाइट्स’ आणि ‘रेसिडेन्सी’ येताहेत. ज्यांच्या स्मृतीला इमारत वाहिली होती त्यांचं आता काय करायचं, हा प्रश्न मीटिंगमध्ये कुणी काढला नाही. मीही काढला नाही.

आता गाऱ्हाणं. भाच्याने आणलेली ब्रोशरं मी चष्मा लावून वाचली. पोहण्याचा तलाव, योगा डेक, मिनी थिएटर. ज्येष्ठांसाठी ‘सीनियर सिटिझन कॉर्नर’ आहे म्हणे. मी ज्येष्ठ आहे आणि मला कोपरा नको आहे, हे या निमित्ताने नोंदवते. पण माझा मुख्य आक्षेप मिनिटांवर आहे. स्टेशन ५ मिनिटांवर, हायवे १० मिनिटांवर, विमानतळ अमुक इतक्या मिनिटांवर. ही मिनिटं कुणाच्या घड्याळातली? पहाटे तीन वाजता, रस्ता रिकामा असताना, गाडीचा मालक स्वतः चालवत असेल तर कदाचित. सकाळी आठ वाजता त्याच ठिकाणाहून शेअर रिक्षाच्या लायनीत उभं राहायचं, चौथा माणूस ड्रायव्हरशेजारी अर्धा लटकेपर्यंत रिक्षा हलत नाही, मग मानपाडा रोडवर रांग, मग स्टेशनच्या अलीकडेच उतरून उरलेलं चालत. तुझा कोपर पूल २०१९ च्या सप्टेंबरमध्ये धोकादायक म्हणून बंद झाला तो २०२१ च्या सप्टेंबरमध्ये उघडला. त्या दोन वर्षांत पूर्व आणि पश्चिम या दोन सख्ख्या बहिणी एकमेकींना ठाकुर्लीच्या पुलावरून वळसा घालून भेटत होत्या. त्या काळातल्या ब्रोशरांतही ५ मिनिटंच होती.

मेट्रोचंही तसंच. कल्याण, डोंबिवली, तळोजा या १२ नंबरच्या मार्गाचं काम चाललं आहे, खांब उभे राहताहेत, मला आनंद आहे. पण ब्रोशरात ती धावूसुद्धा लागली आहे, आणि तिच्या खिडकीत एक गोरी बाई हसते आहे. आपल्याकडे खिडकीत बसलेली बाई हसत नाही, झोपते. मोठागावहून खाडी ओलांडून माणकोलीला जाणारा पूल मात्र खरा आहे, त्याने गाडीवाल्यांना ठाणं जवळ झालं. जे खरं आहे ते मी नाकारणार नाही.

ब्रोशरात जे नाही ते सांगण्यासाठी हे पत्र आहे. आणि तिथे मला तुझे आभार मानायचे आहेत.

मी तुझ्याकडे आले ती लग्न होऊन, गिरगावातून. तेव्हा तुझी नगरपालिका होती. कल्याण आणि तू मिळून महापालिका व्हायला १९८३ उजाडलं. माहेरच्यांना तू इतकी लांब वाटायचीस की आई विचारायची, "रात्री परत येता येतं ना तिथून?" पाणी भल्या पहाटे यायचं आणि लाइट मनात येईल तेव्हा जायची. टेलिफोन आमच्या बिल्डिंगमध्ये एकाकडेच होता. आम्ही सगळ्यांनी आपापल्या ऑफिसात त्याच घरचा नंबर देऊन पुढे ‘पी. पी.’ लिहिलं होतं. त्या घरातल्या वहिनी भाजी फोडणीला टाकून दोन जिने चढून निरोप द्यायच्या आणि परत जाऊन करपलेली भाजी खायच्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही. म्हणजे केली, पण आम्हाला ऐकू जाईल अशी नाही.

मी फोर्टातल्या एका ऑफिसात होते. सकाळी सातच्या सुमारास घर सोडायचं, संध्याकाळी सातच्या पुढे घर धरायचं. तुझ्यापासून बोरीबंदर सुमारे ४८ किलोमीटर. मी आणि माझ्यासारख्या हजारो बायका दिवसाचे बारा तास घराबाहेर असायच्या, आणि घरी गेल्यावर स्वयंपाक आमचीच वाट बघत असायचा, कारण त्या काळी नवऱ्यांना भूक लागायची, स्वयंपाक सुचत नसे. (हल्ली सुचतो म्हणतात. भाचा अंडी उकडतो.) या बारा तासांच्या भोकातून तुझी खरी सोय उगवली. ती कोणत्याही नगररचनाकाराने आखलेली नाही.

संध्याकाळी स्टेशनचा जिना उतरून राथ रोडला लागलं की दोन्ही बाजूंना काय असायचं आणि अजून काय आहे, ते भाच्याच्या बायकोला एकदा दाखव. तिला माझ्याबरोबर रविवारी नाही, कामाच्या दिवशी साडेसातला उभी कर. निवडलेली मेथी. दोऱ्या काढून बारीक चिरलेली फरसबी. सोललेला मटार, सोललेला लसूण, खवलेला नारळ, मोड आलेली मटकी, सगळं पावशेरच्या पिशवीत बांधून तयार. आज आमटीत टाकायला शेवग्याच्या चार शेंगा हव्यात तर चारच, तुकडे करून. विकणाऱ्या बाईला आपल्या घरात किती माणसं आहेत हे पाठ. एखाद्या दिवशी दुप्पट घेतलं तर विचारते, "पाहुणे का?" आणि उत्तराची वाट न बघता कोथिंबिरीची काडी जास्त टाकते.

ज्या दिवशी तेवढंही त्राण नसे त्या दिवशी पोळीभाजी केंद्र. तुझ्या गल्लीगल्लीत हे बोर्ड आहेत, आणि बाहेरगावच्या माणसाला ते हॉटेल वाटतं. हॉटेल नव्हे ते. एका खोलीत चार बायका, दोन तवे, एक मोठी परात. घडीच्या पोळ्या मोजून कागदात गुंडाळायच्या, दोन भाज्या, एक उसळ, आमटी, भात. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, श्रावणात पुरणपोळी, संक्रांतीला गुळाच्या पोळ्या, गणपतीत उकडीच्या मोदकांची वही भरून ऑर्डर. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा विकतची पोळी पानात बघितली तेव्हा त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मऊ असते गं." त्यानंतर आमच्या घरी कोणत्या केंद्राची पोळी आणायची ते त्याच ठरवत.

त्या पोळ्या लाटणाऱ्या बायका कोण होत्या? बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगाराची बायको, कोकणातून दिराकडे आलेली एखादी विधवा, दहावीनंतर शाळा सुटलेली मुलगी. नगाला पैसे. आमच्या नोकऱ्या त्यांच्या लाटण्यावर चालल्या आणि त्यांच्या मुलांच्या फिया आमच्या पगारावर. कुणी कुणावर उपकार केले याचा हिशोब मी मांडत नाही, तो मला झेपायचा नाही. पण हा धंदा चालला कुठे ते बघ. जुन्या बिल्डिंगांच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या गाळ्यात, गॅरेजमध्ये, मागच्या अंगणात पत्रा टाकून. पिको-फॉल करणारी बाई तिथेच. गिरणीवाला तिथेच, जो ‘थालीपिठाची भाजणी आहे, जाडसर’ एवढ्या शब्दांवर बरोबर दळून देतो. छत्री आणि कुकर दुरुस्त करणारा, गाणं शिकवणाऱ्या बाई, रात्री अकराला दार उघडणारे डॉक्टर, सगळे तळमजल्यावर आणि चालत जाण्याच्या अंतरावर.

आता माझ्या लक्षात येतं ते असं. भाचा ज्या सोयीसाठी तुझ्याकडे येऊ बघतो आहे ती या तळमजल्यावर उभी आहे. आणि तो ज्या इमारतीत घर घेणार आहे ती हा तळमजला पाडून उभी राहते आहे. नव्या प्लॅनमध्ये तळाला पार्किंग, त्यावर पार्किंग, त्यावर आणखी पार्किंग, मग पोडियम. रस्त्याकडेला दुकानं आहेत, पण त्यांचं भाडं मोबाइलवाल्याला आणि पिझ्झावाल्याला परवडेल, पोळीमागे चार पैसे सुटणाऱ्या बाईला नाही. मी आमच्या मीटिंगमध्ये विचारलं की खालच्या पोळीवाल्या ताईंना नव्या बिल्डिंगमध्ये गाळा मिळणार का. त्या भाडेकरू, मेंबर नव्हेत, तेव्हा तो विषय अजेंड्यावर येत नाही असं सांगण्यात आलं. जेवणाची सुट्टी झाली. जेवण त्यांच्याकडूनच मागवलं होतं.

याबद्दल मी तुझ्यावर रागावले आहे. अगदी मनापासून.

राग आलाच आहे तर बाकीचंही काढते. तुझ्या गाडीबद्दल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. म्हणजे भातशेतीचं गाव होतीस तेव्हापासून तुझ्या अंगावरून गाडी जाते आहे. एवढ्या वर्षांत तुला गर्दीचा काही तरी विचार करायला सवड मिळायला हवी होती. आम्ही डोंबिवलीकरांनी आमच्या परीने युक्त्या काढल्या. तुझ्याकडून सुटणाऱ्या लोकलवर तुझ्या माणसांचा हक्क, तर दिव्याची-कोपरची माणसं आधीच उलटी येऊन जागा धरून बसलेली. ‘रिटर्न’ मारणं म्हणतात याला, आणि त्यावरून झालेली भांडणं मी इतकी ऐकली आहेत की दोन्ही बाजूंचे मुद्दे मला तोंडपाठ आहेत. आम्हीही कल्याणला उलट्या जायचोच. लेडीज डब्यात मटार सोलले, डोहाळजेवणं केली, दसऱ्याला डब्याला तोरण बांधलं, चौथ्या सीटवर टेकून अख्ख्या कादंबऱ्या वाचल्या. फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की पोरं ओरडायची. १९१६ चा तो बोगदा, त्यातल्या अंधाराची आम्हाला रोजची ओळख. २०२२ मध्ये जादा रूळ पडले आणि फास्ट लोकल मुंब्र्याकडून जाऊ लागल्या. ओरडणं बंद झालं. गर्दी तेवढीच राहिली.

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जात असताना दारात लोंबकळणारी माणसं खाली पडली. काही जिवानिशी गेली. त्या दिवशी तुझ्या घराघरांतून "पोचलास का?" असे फोन चालले होते. हे मी भाच्याला सांगणार आहे. ‘कनेक्टिव्हिटी’ या नावाखाली छापलेल्या पानाच्या मागच्या बाजूला हे लिहिलेलं असायला हवं होतं.

आणि तुझा तो वास. पावसाळी रात्री, हवा पडलेली असताना, पूर्वेच्या टोकाला जो उग्र दर्प येतो, त्याबद्दल भाच्याच्या बायकोने मला सरळ विचारलं, "मावशी, हे काय आहे?" मी म्हटलं, "कंपन्यांचा." ती म्हणाली, "रोज?" मी चहा टाकायला उठले. साठच्या दशकात तुझ्या वेशीवर औद्योगिक वसाहत आली, रसायनांचे कारखाने आले, तेव्हा मध्ये मोकळं रान होतं. मग त्या रानात घरं शिरली आणि कारखान्याच्या भिंतीला बेडरूमची भिंत लागली. २०१४ च्या जानेवारीत तुझ्यावर हिरवा पाऊस पडला. २०२० मध्ये एक रस्ता गुलाबी झाला आणि बघायला मुख्यमंत्री आले. रंगांची गंमत इथे संपते. २६ मे २०१६ ला एका कारखान्यात स्फोट झाला, माणसं दगावली, दूरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ ला पुन्हा. दोन्ही वेळी धोकादायक कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या. तुझ्यात घर घेणाऱ्याने नकाशावर आधी स्टेशन बघावं हे मला मान्य, पण मग बोट पूर्वेकडे सरकवत कारखाने कुठे सुरू होतात तेही बघावं.

थोडं कागदांविषयी. हे तुला आवडणार नाही, पण लोकांसमोर बोलायचं म्हणूनच अनावृत पत्र आहे हे. तुझ्या आणि कल्याणच्या हद्दीतल्या ६५ इमारती. महापालिकेच्या परवानगीचे कागद बनावट, त्या बनावट कागदांवर रेराची नोंदणी मिळाली, नोंदणी बघून लोकांनी घरं घेतली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. त्यात राहणाऱ्या माणसांनी काय कमी चौकशी केली असेल? नंबर विचारला असेल, वेबसाइटवर बघितला असेल, तो तिथे होता. एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की ‘सांस्कृतिक नगरी आहे, शिकलेली माणसं आहेत, फसवाफसवी नाही.’ आता हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळते.

म्हणून भाच्याला मी कामाला लावलं आहे. रेराचा नंबर बघून थांबायचं नाही. बांधकाम परवानगीची प्रत घ्यायची आणि ती महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळायची, एजंटाच्या मोबाइलवर नाही. जमिनीचा सातबारा बघायचा. ज्या गावात जमीन आहे ते सध्या कुणाच्या हद्दीत आहे ते विचारायचं, कारण तुझ्या आसपासची ती २७ गावं महापालिकेत घेतली, २००२ मध्ये काढली, २०१५ मध्ये परत घेतली, आणि वाद त्यानंतरही मिटला नाही; पाणी, रस्ता आणि कर कुणाचा, हे त्यावर ठरतं. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागितली तर द्यायची नाही, कायदाच तसा आहे. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र डोळ्यांनी बघायचं. ‘येतंच आहे’ हे उत्तर मी माझ्या ओळखीतल्या एका बिल्डिंगबाबत माझा नातू शाळेत जायला लागेपर्यंत ऐकलं.

एवढं बोलून झाल्यावर तुझं तोंड उतरलं असेल. तुला सांस्कृतिक म्हटलेलं आवडतं, तर तेही म्हणते. शं. ना. नवरे तुझे, पु. भा. भावे तुझ्याकडे राहिलेले. पाडव्याची स्वागतयात्रा १९९९ मध्ये तुझ्या गणेश मंदिराने सुरू केली आणि बघता बघता गावोगावी निघू लागली. २०१७ चं साहित्य संमेलन तू भरवलंस. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नटूनथटून उभ्या राहिलेल्या पोरापोरींत किती लग्नं जुळली त्याची नोंद कुणी ठेवलेली नाही, ठेवायला हवी होती. फ्रेंड्स लायब्ररीतून पुस्तक घरी येतं, हे मी भाच्याला अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, "छान. पार्किंगचं काय?" त्याला नावं ठेवू नकोस. त्याचं वय पार्किंगचं आहे.

आता मागणं. माझी हात जोडून विनंती अशी की, नव्याने येणाऱ्यांशी खरं वाग. ते आयुष्यभराची कमाई आणि पुढच्या वीस वर्षांचे हप्ते घेऊन येतात. त्यांना मिनिटं खोटी सांगू नकोस. त्यांच्या खिडकीला कारखाना लावू नकोस. आणि प्रत्येक नव्या इमारतीच्या तळाशी एक गाळा असा ठेव की तो पोळ्या लाटणाऱ्या बाईला परवडेल. पोहण्याचा तलाव थोडा लहान केलास तरी चालेल. मी आजवर त्यात पोहणारं माणूस पाहिलेलं नाही, भोवती सेल्फी काढणारी मात्र पाहिली आहेत. आमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला मी हा विषय लेखी देणार आहे. मेंबरच्या सहीने. तेव्हा तो अजेंड्यावर यावाच लागेल.

भाचा आला तर मी त्याला अडवणार नाही. संध्याकाळी थकून आलेल्या माणसाला चालत्या वाटेवर गरम पोळी, चिरलेली भाजी, डॉक्टर, दळण आणि ओळखीचं माणूस मिळतं, अशी गावं मुंबईच्या आसपास फार उरलेली नाहीत. तू त्यातली एक आहेस, हे माझं मत. वर लिहिलेल्या सगळ्यासकट.

कळावे. लोभ असावा ही विनंती.

तुझीच,
तिसऱ्या मजल्यावरची

ता. क. : भाच्याला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना निरोप. घर बघायला रविवारी येऊ नका. मंगळवारी या. सकाळी आठला त्या साइटवरून निघून स्टेशन गाठा, मिळेल त्या फास्ट गाडीने ऑफिसला जा, संध्याकाळी परत या आणि रात्री दहाला त्याच साइटवर उभं राहून हवेचा वास घ्या. टोकन त्यानंतर द्या.